आमचे सेव्हन-ॲडिक सर

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर गणिताचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. मी खजिनदार. त्यामुळे दर महिन्याच्या पाच तारखेला आमची गाठ पडते.

"सर, मेंटेनन्स. 2401 रुपये."

"अहो, ही रक्कम जवळजवळ शून्यच की!"

ही थकबाकीदाराची सबब नव्हे, हे कळायला मला दोन वर्षं लागली. सरांचा जन्म पी-ॲडिक संख्यांच्या संभाव्यतेत गेला. कुर्ट हेन्झेल या जर्मन गणितज्ञाने 1897 मध्ये या संख्या आणल्या. त्यात एक मूळ संख्या धरून बसायचं. सरांनी 7 धरली आहे. सातने जितक्या जास्त वेळा भाग जाईल, तितकी संख्या लहान. 2401 ला लागोपाठ चारदा भाग जातो, म्हणून ती चिमूटभर. 2400 ला एकदाही जात नाही, म्हणून ती धिप्पाड. "2400 मागितले असतेत, तर मला झोप लागली नसती," असं सर म्हणाले, तेव्हा मी पावतीपुस्तक मिटलं.

मी बँकेतला माणूस. 'थेंबे थेंबे तळे साचे' सांगत शेकडो रिकरिंग खाती उघडली. लहान लांबी पुन्हा पुन्हा जोडली की कितीही मोठी लांबी ओलांडता येते, हा आर्किमिडीजच्या नावाने चालणारा नियम म्हणजे हीच म्हण. सरांच्या जगात ती खोटी! तिथे कितीही थेंब मिळवा, बेरीज सगळ्यांत मोठ्या थेंबापेक्षा मोठी होतच नाही. वर 1, 7, 49, 343 अशी न संपणारी बेरीज केली, तर उत्तर वजा एक षष्ठांश. बँकेत मी असा हिशेब दिला असता, तर संध्याकाळपर्यंत घरी बसलो असतो.

त्यांचं फिरणंही तसंच. नेहमीच्या गणितातला दारुडा झोकांड्या खात कुठल्या कुठे पोचतो. सरांचा दारुडा लहान पावलांनी गल्ली सोडूच शकत नाही. जायचं तर उडीच मारावी लागते, कारण तिथे अखंड वाट म्हणून नसतेच. सर रोज दहा हजार पावलं चालतात, सगळी फाटकाच्या आत. अकरा महिने असे जातात, आणि एके सकाळी कळतं की सर मुलीकडे डेहराडूनला आहेत.

त्यांच्या भूमितीत वर्तुळातला कुठलाही बिंदू त्या वर्तुळाचा केंद्रबिंदू असतो. हे मात्र मला लगेच पटलं. आमची वार्षिक सभा मी पाहिलेली आहे.

गेल्या गणपतीत सर सजावट समितीसमोर 'हार मेझर'वर बोलले. आल्फ्रेड हार हे हंगेरीचे गणितज्ञ. संच कुठेही सरकवला तरी माप बदलत नाही, असं मोजमाप त्यांनी 1933 मध्ये दिलं. समितीने 'हार : सरांकडून' असं लिहून घेतलं. हार आला नाही, म्हणून सरांवर लकी ड्रॉ सोपवला. त्यांनी वाडग्यात 0 ते 6 अशा सात चिठ्ठ्या टाकल्या. एक काढायची, आकडा फळ्यावर लिहायचा, चिठ्ठी परत टाकायची, पुढचा आकडा डावीकडे लिहायचा. प्रत्येक शेवटच्या आकड्याला एक सप्तमांश वाटा, शेवटच्या दोहोंना एक एकोणपन्नासांश. कुणावर अन्याय नाही. रात्री अकराला मुलांनी विचारलं, "सर, कोण जिंकलं?"

"थांबा रे, संख्या अजून चालू आहे."

मिक्सर अजून कार्यालयातच पडून आहे.

शेवटी मीच समितीत ठराव मांडला आणि सरांना एक रुपया सूट देऊन 2400 चं बिल पाठवलं. त्याच संध्याकाळी चेक आला. सोबत चिठ्ठी होती : एवढी मोठी सूट दिल्याबद्दल समितीचे मनःपूर्वक आभार.