थांबोबा

जादूच्या गोष्टींत तलवारींना बोलायला फार मिळतं. फिनलंडच्या ‘कालेवाला’ या महाकाव्यात कुलेर्वो आपल्या तलवारीला विचारतो, पापी माणसाचं रक्त चालेल का? तलवार एका पायावर तयार. आजवर निरपराधांचं चाललं, मग पाप्याचं का नको, असा वर तिचाच युक्तिवाद. ती तलवार ज्या हातोड्याने ठोकून ठोकून घडवली, त्याला मात्र कुणी काही विचारत नाही.

सगळ्यात प्रसिद्ध हातोडा नॉर्स देव थॉरचा, म्योल्निर. त्याच्या जन्माची हकीकत आइसलंडच्या स्नोरी स्तुर्लुसनने तेराव्या शतकात लिहून ठेवली आहे. दोघे बुटके भाऊ कामाला लागलेले. सिंद्री भट्टीवर, ब्रोक भात्यावर. भाता क्षणभरही थांबता कामा नये, ही सिंद्रीची ताकीद. इकडे कपटी लोकीने यांच्याकडून काम नीट होणार नाही अशी पैज लावताना स्वतःचं डोकंच पणाला लावलेलं. मग तो माशी होऊन येतो. आधी हातावर चावतो, मग मानेवर, ब्रोक ढिम्म. शेवटी पापणीवर चावतो. डोळ्यात रक्त उतरतं, ब्रोक ते पुसायला हात उचलतो आणि तेवढ्यात भाता बसतो. म्हणून म्योल्निरचा दांडा आखूड राहिला. इतकं होऊनही देवांनी सगळ्या वस्तूंत पहिला नंबर दिला तो हातोड्यालाच. पुढे थ्रीम नावाच्या राक्षसाने तो पळवला, तेव्हा तो परत मिळवायला खुद्द थॉरला नवरी होऊन जावं लागलं. भर मांडवात हातोडा आणून या दाढीवाल्या नवरीच्या मांडीवर ठेवला, तरी तो गप्पच. मी त्या जागी असतो तर एवढ्या प्रसंगात एक तरी शेरा मारलाच असता.

हे सगळं आठवायला कारण आमचा भाचा. तो आणि त्याचे कॉलेजातले मित्र रविवारी आमच्या हॉलमध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढलेला हा खेळ. यात पट असला तर असतो, नसला तरी चालतं. एकाने जग सांगायचं, बाकीच्यांनी त्यात वागायचं आणि वागणं जमलं की फसलं ते वीस पैलूंच्या फाशाने ठरवायचं. आमच्याकडे जग सांगायचं काम भाच्याकडे आहे. ‘मामा, तू लिहितोस ना, मग एक जादूचा हातोडा लिहून दे. लोहाराचा. आणि त्याला अक्कल पाहिजे,’ अशी त्याची मागणी.

म्हणून नियमांचं पुस्तक वाचायला घेतलं आणि रमलो. अक्कल असलेल्या वस्तूंसाठी त्यात वेगळा भागच आहे. चार साधे फासे टाकायचे, सगळ्यात लहान आकडा सोडायचा, उरलेल्यांची बेरीज ती वस्तूची बुद्धी. शहाणपण आणि छाप यांसाठी पुन्हा तसंच. माणसांनाही हेच माप आहे, त्यामुळे मालकापेक्षा हत्यार हुशार निघण्याची सोय नियमातच आहे. मालक वस्तूच्या मनाविरुद्ध वागला तर त्याने फासा टाकून तिच्यापुढे टिकायचं. नाही टिकला तर वस्तू अटी घालते: मला न खपणारं सगळं टाकून दे, मला सतत जवळ ठेव, नाहीतर दुसरा मालक बघ. जुन्या वाड्यातल्या स्वयंपाकीणबाईंचा तोरा हाच असायचा. त्यांनाही दुसरं कुणी ओट्याजवळ आलेलं खपायचं नाही.

या खेळात बुद्धिमान हातोडा अगदीच नाही असं नाही. १९७९ सालच्या ‘व्हाइट प्लूम माउंटन’ या साहसात व्हेल्म नावाचा एक आहे. पण तो लढाईचा. त्याला राक्षस मारायचे असतात आणि २०१४ च्या नियमांनुसार त्याचा मालक दिवसाचं आभाळ दिसलं की बिचकतो. लोहारकामाच्या हातोड्याला मात्र या नियमांत वेगळी जागा नाही. ‘लोहाराची अवजारं’ म्हणून एक बोचकं मिळतं, किंमत वीस मोहरा, वजन आठ पौंड. त्यात तोही आला. मला हा सरळ अन्याय वाटतो.

माझा हातोडा बोलत नाही. तो लोहारशाळेची भाषा वापरतो. मोठं काम असलं की समोरचा गडी घण मारतो आणि लोहाराच्या हातात असते लहान हातोडी. तिने तो तापल्या लोखंडावर नुसती टिचकी मारतो, म्हणजे घण इथे पडू दे. तीच हातोडी ऐरणीवर वाजली की घण थांबवायचा. बडबड नाही, आरडाओरडा नाही, त्या ठणठणाटात ऐकूही गेला नसता. माझ्या हातोड्याला फक्त हे दोनच शब्द येतात: ‘इथे’ आणि ‘थांब’. त्यातला दुसरा तो जास्त वापरतो, म्हणून त्याचं नाव थांबोबा. भाच्याला ‘वज्रप्रलय’ हवं होतं.

थांबोबाला लोखंडाचा रंग दिसतो. काळपट लाल झाल्यावर मारलं तर चीर जाते, पांढरं होऊन ठिणग्या उडायला लागल्या की लोखंड जळतंय. मधल्या केशरी-पिवळ्या अवस्थेत जे काय करायचं ते करायचं. धारेला पाणी दिल्यावर पुन्हा जरा ऊब द्यायची असते, तेव्हा पोलादावर आधी गवताच्या काडीसारखा पिवळा रंग चढतो आणि पुढे निळा. पातं पिवळ्यावर उतरवायचं, स्प्रिंग निळ्यापर्यंत जाऊ द्यायची. हा रंग पळभरच टिकतो, आणि खेळाडूंचं लक्ष नेमकं तेव्हा चिवड्यात असतं.

आता व्हायचं तेच झालं. टोळीतला बुटका लोहार म्हणजे मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा. दूध-ब्रेड दहा मिनिटांत दारात येतं या समजुतीवर वाढलेला. त्याला सकाळच्या लढाईआधी अंगभर चिलखत हवं होतं. २०१४ चा नियम सांगतो, दिवसाला पाच मोहरांचं काम होतं आणि चिलखताची किंमत दीड हजार; म्हणजे तीनशे दिवस. बाकीच्यांनी भाच्याकडे सूट मागितली, भाचा विरघळत होता. थांबोबा ऐरणीवर वाजला. मुलाने फासा टाकला, पडले चार. अख्खी टोळी चिलखताविना लढायला गेली, मार खाऊन आली आणि मग रीतसर विळे-कोयते पाजवायच्या कामाला लागली. गावकऱ्यांत त्यांची पत एकदम वाढली. ड्रॅगन मारून वाढली नव्हती एवढी.

मग तात्त्विक वाद निघाला. लढाईत दांडा मोडला होता. नवीन बसवला तर हा तोच थांबोबा का? अक्कल लोखंडात की लाकडात? एकजण म्हणाला, दांडा कितीदाही बदला, हातोडा तोच. दुसरी म्हणाली, मग पाचर? पाचर ढिली झाली की डोकं उडतं, म्हणजे खरी अक्कल पाचरेत. हा मुद्दा मला बिनतोड वाटला. डोकं ठिकाणावर ठेवण्याचं काम माणसांतही असंच कुणीतरी आडवं ठोकलेलं करत असतं. भाच्याने बाभळीच्या नव्या दांड्याला मान्यता दिली.

शेवटी थांबोबाची एकच अट मी घालून ठेवली होती, ती बाहेर काढली: वर्षातून एक दिवस सुट्टी, खंडेनवमीची. त्या दिवशी हळद-कुंकू, झेंडूचं फूल, आणि अवजाराला हात लावायचा नाही. भाचा म्हणाला, आमच्या जगात नवरात्र नाही. मी म्हटलं, ड्रॅगन आहेत आणि नवरात्र नाही, असलं कसलं जग? वाटाघाटी होऊन सण मंजूर झाला. टोळीने मोहरा खर्चून हार, पेढे आणि नारळ घेतला. पूजा झाली. मग मेकॅनिकलवाल्याने विचारलं, ‘काका, नारळ कशाने फोडायचा? हातोड्याला तर आज सुट्टी आहे.’

तलवारीने फोडतो म्हणाला, तर तिचीही त्या दिवशी पूजा असते. सध्या टोळी दगड शोधते आहे.