चार्जसाहेबांवर खटला

माननीय चार्जसाहेब,
मुक्काम : आमचा फोन, आमचं वीजबिल, पोलीस ठाणं, इस्पितळ आणि बाकी सगळीकडे.

सा. न. वि. वि.

तुमच्याविरुद्ध लेखी तक्रार करायची ठरवली, तेव्हा तिला नाव काय द्यावं इथेच घोडं अडलं. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या वकिलांना विचारलं, तर म्हणाले, "चार्जशीट म्हणा की!" म्हणजे आरोपी तुम्ही आणि आरोपही तुम्हीच. एवढी सोय दुसऱ्या कुठल्या गुन्हेगाराची होते?

निमित्त आमच्या आईचं. वय एक्याऐंशी. सकाळी चष्मा पुसून पेपर वाचत होती. एका बातमीत कुणा साहेबावर चार्ज होता आणि शेजारच्या चौकटीत कुणा साहेबाने चार्ज घेतला होता. "ज्याच्यावर आहे त्यानेच घेतला का रे?" तिने विचारलं. दोन साहेब वेगळे, दोन चार्जही वेगळे, असं मी समजावत होतो. तेवढ्यात आतून मुलगी ओरडली, "बाबा, माझा फोन चार्जला लावला का?" आई दचकून म्हणाली, "त्याने काय केलं?"

ही झाली घरातली हालहवाल. बाहेर पडावं, तर रात्री स्टेशनवर रिक्षावाला तुमचं नाव घेऊनच स्वागत करतो, "राते डबल चार्ज थशे, काका." विजेच्या बिलात तुम्ही फिक्स्ड, एनर्जी, फ्युएल अशी वेगवेगळी उपरणी पांघरून एकाच पंगतीत तीनदा जेवता. मोर्चा निघाला की लाठीला चिकटून येता. इस्पितळात तर तुमची कमालच झाली. मेव्हण्याला सकाळी दहाला डिस्चार्ज मिळाला, पण चार्जेस चुकते होईपर्यंत तो दुपारी चारपर्यंत त्याच खाटेवर बसून होता. तुमच्याच एका रूपाने सोडलं आणि दुसऱ्याने धरून ठेवलं.

बरं, तुमचं हे वागणं आजचं नाही. आमच्या वडोदऱ्यात तर तुम्ही थेट राजवाड्यापर्यंत पोचला होतात. नोव्हेंबर १८७४. ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात विष घालण्याचा प्रयत्न झाला आणि महाराज मल्हारराव गायकवाडांवर तुम्ही येऊन बसलात. त्यांच्या बचावासाठी विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले. त्यांची घसघशीत फी, म्हणजे पुन्हा तुम्हीच. चौकशीला सहा जणांचं कमिशन बसलं, तीन इंग्रज आणि तीन हिंदी. हिंदी सदस्यांत ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराजा आणि सर दिनकरराव. मतं पडली तीन विरुद्ध तीन. गुन्हा काही एकमुखाने शाबीत झाला नाही, तरी एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराच्या नावाखाली महाराज गादीवरून गेलेच.

मग तुम्ही काय केलंत? लाज वाटून गाव सोडलंत? छे! नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून बारा वर्षांचा गोपाळ दत्तक आला, सयाजीराव झाला आणि २८ डिसेंबर १८८१ रोजी त्याने राज्याचा चार्ज घेतला. एका महाराजांवर तुम्ही होतात म्हणून त्यांची गादी गेली आणि दुसऱ्यांनी तुम्हाला घेतलं म्हणून त्यांचा कारभार सुरू झाला. सात वर्षांत एवढा मोठा पक्षबदल आजच्या पुढाऱ्यांनाही जमायचा नाही.

सयाजीरावांनी तुमच्यासारख्यांचा बंदोबस्त करायचा प्रयत्नही केला. राजा मराठी, रयत गुजराती, डोक्यावर इंग्रज. कागद कुठल्या भाषेत लिहायचा? म्हणून १९३१ साली बडोद्यात 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' हा कोश निघाला. राज्यकारभारातले इंग्रजी शब्द घेऊन त्यांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द देण्याची ती खटपट. सात भाषांचे पहारेकरी उभे केले, तरी तुम्ही बाजारातून, बिलातून, प्लगातून आत शिरलातच.

मग म्हटलं, तुमचं खानदान तरी तपासू. निघालं काय, तर तुम्ही मूळचे गाडीवान! लॅटिनमध्ये 'कार्रुस' म्हणजे माल वाहायची गाडी. 'कार्रिकारे' म्हणजे त्या गाडीत ओझं लादणं. ते फ्रेंचांच्या तोंडी घोळून तुम्ही इंग्रजीत उतरलात. दारातली कार, जहाजावरचा कार्गो, मुलांचं करिअर ही सगळी तुमची भावकी. व्यंगचित्राला कॅरिकेचर म्हणतात तेही तुमच्यातलंच. नाकावर जरा जास्त माल लादला की झालं. माणसावर काम लादलं की पदभार, गुन्हा लादला की आरोप, पैसे लादले की शुल्क. तोफेत दारू ठासली तीही चार्ज. अठराव्या शतकात लेडन बरणीत वीज साठवायला लागले, तेव्हा तिलाही तोफेसारखीच 'भरली' म्हणू लागले. त्या बरणीची खापरपणती आज आमच्या खिशात आहे.

इथवर आलो आणि माझीच पंचाईत झाली. कारण असाच एक हमाल आमच्याही घरात निघाला. भार! पद घेतलं की पदभार, बिलावर जादा आकार आला की अधिभार, शास्त्राच्या पुस्तकात विजेचा प्रभार. म्हणजे प्रतिशब्द होते, पण ते शाळेच्या पुस्तकात आणि सरकारी कागदावर घड्या घालून ठेवलेले. तुम्हाला मात्र आम्ही घरच्या कपड्यांसारखं रोज वापरलं.

हे सगळं रात्री आईला वाचून दाखवलं. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. मी थांबलो, तशी म्हणाली, "झालं? मग तुझा तो फोन भरून ठेव. सकाळी विजेचं बिल भरायला जायचंय."

साहेब, मी थक्क झालो! फोन भरायचा, बिल भरायचं, बंदूक भरायची, रिकामी जागा भरायची. आणि आरोप असेल तर? खटलाही भरायचाच! तुमचं जवळजवळ सगळं साम्राज्य आमच्या आईच्या एका क्रियापदात बसलं होतं, आणि मी आठ भाषांच्या कोशापर्यंत पायपीट करून आलो. लाठी तेवढी तुमच्याकडे राहिली. ती ठेवा.

तेव्हा निकाल मल्हाररावांसारखाच देतो. तुमचा गुन्हा शाबीत झालेला नाही, कारण तुम्हाला गाडीत आम्हीच बसवलं. तरी आमच्या घरातल्या गादीवरून तुम्हाला उतरवण्यात येत आहे. राज्य लहान आहे, दोन खोल्या आणि एक गॅलरी. गैरकारभाराचं कारण तेवढं पुरे.

रीतसर खटला भरला आहे. तारखेला हजर राहावं.

आपला,
दांडिया बाजारातला एक भरडलेला

ता. क. : मुलीने आत्ता विचारलं, "फोन फुल चार्ज झाला?" आई म्हणाली, "काठोकाठ."