साडेतीन वॉटचे नाना

"नवीन ॲम्प आलाय, ये ऐकायला," असा फोन ज्यांना येतो त्यांना पुढचं काही सांगायला नको. बाकीच्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की हे आमंत्रण नसतं, समन्स असतं. जायचं, ठरलेल्या खुर्चीत बसायचं, खुर्ची हलवायची नाही, मानही फारशी हलवायची नाही, आणि शेवटी आधीच्या ॲम्पपेक्षा हा कुठे वेगळा वाटतो याची साक्ष द्यायची. "छान आहे" हे उत्तर नाना ग्राह्य धरत नाहीत. "छान काय, लोकांना मोबाइलवरचंही छान वाटतं," असं म्हणून ते समोर बघतात. समोर आपणच असतो.

नानांचे स्पीकर हॉर्नचे. सोसायटीत त्यांना सरळ 'भोंगे' म्हणतात आणि नानांना ते झोंबतं. पण तत्त्व तेच आहे. एवढासा पडदा थेट खोलीभर हवेला ढकलायला गेला तर त्याचा बहुतेक जोर वाया जातो. त्याच्यापुढे हळूहळू रुंदावत जाणारा भोंगा बसवला की त्याची हवेवर पकड बसते आणि चिमूटभर शक्तीत दणदणीत आवाज निघतो. 1902 साली गौहरजानचं गाणं तबकड्यांसाठी मुद्रित झालं तेव्हा ग्रामोफोनला ॲम्प नव्हता, वीजही नव्हती. सुईची थरथर आणि पुढे भोंगा, एवढ्यावर घरं घुमत होती. नाना हे सांगतात तेव्हा त्यांच्या आवाजात असूया असते.

नानांचं दैवत पॉल क्लिप्श. अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या होप गावी या इंजिनियरने 1946 साली कोपऱ्यात बसणाऱ्या भोंगा-स्पीकरांचा उद्योग सुरू केला. त्याच वर्षी त्याच गावात बिल क्लिंटन जन्मले. नानांच्या मते ती होप गावची त्या वर्षातली दुसऱ्या क्रमांकाची घटना.

आता कोपराच का, तर चाळीस हर्ट्‌झच्या खर्जाची लहर साडेआठ मीटर लांब असते. तिला पुरेल असा सरळ भोंगा करायचा तर माणसांनी भोंग्यात राहायला जावं लागेल. क्लिप्शने तो लाकडी पेटीत घडी घालून बसवला आणि उरलेल्या भोंग्याचं काम खोलीच्या दोन भिंतींवर सोपवलं. एका भिंतीचे दोन रिकामे कोपरे, एवढीच अट. नानांच्या टू-बीएचकेमध्ये एका कोपऱ्यात देव्हारा होता आणि दुसऱ्यात बाल्कनीचं दार. देव स्वयंपाकघरात गेले. दार विटा लावून बुजवलं. बाल्कनी अजून आहे. कपडे वाळत घालायला काकू शयनगृहाच्या खिडकीतून उतरतात.

पेट्या चाळीसच्या दशकातल्या पेटंटच्या आकृत्या पुढ्यात ठेवून घरीच बनवून घेतल्या. लाकूड भवानी पेठेतलं. सुताराने दोन महिने आतल्या तिरक्या फळ्या बसवल्या, पॉलिश केलं, मागे सरून बघितलं आणि न राहवून विचारलं, "साहेब, सगळं झालं, पण यात कपडे कुठून ठेवायचे?"

आता ॲम्प. इथे नानांचं गणित तुम्हा-आम्हाला उलटं वाटतं. साधारण स्पीकर एका वॉटला, एक मीटरवर, सत्याऐंशी डेसिबल देतो; क्लिप्शचा कोपरा-भोंगा एकशे पाच. फरक अठरा. दर तीन डेसिबलला शक्ती दुप्पट लागते, म्हणजे एकाचं सहा वेळा दुप्पट: चौसष्ट पट. तुमच्या चौसष्ट वॉटचं काम नानांचा एक वॉट करतो. हे गणित नानांनी वाण्याला सांगितलं आहे, गॅसवाल्याला सांगितलं आहे, आणि साखरपुड्यात भावी जावयालाही. जावई कॉमर्सचा, तरी लग्न झालं.

पहिला ॲम्प चोर बाजारातून आणलेला सत्तरच्या दशकातला जपानी, शंभर वॉटचा. त्याचा व्हॉल्यूम एक काडी सरकवला की वरच्या मजल्यावरून फोन यायचा, आणि गाणं सुरू नसताना भोंग्यातून नुसता 'स्स्स' असा आवाज यायचा. ॲम्पच्या पोटातला हा आवाज साध्या स्पीकरवर कळतही नाही. भोंगा तोही चौसष्ट पटीने चव्हाट्यावर मांडतो. त्या 'स्स्स'ने नाना आठवडाभर झोपले नाहीत. मग पन्नासच्या दशकातल्या ईएल 84 व्हॉल्व्हचा ॲम्प आला, बारा वॉटचा. मग 300बी या व्हॉल्व्हचा: जन्म 1938, वॉट आठ. आणि शेवटी 2ए3: जन्म 1933, वॉट साडेतीन. दर वेळी वॉट घटले, जन्मसाल मागे गेलं आणि किंमत वाढली. या वेगाने नाना 1902 सालापर्यंत पोचले की ॲम्पच काढून टाकतील आणि त्यासाठी सर्वांत जास्त पैसे मोजतील, असा माझा अंदाज आहे.

जगाला गरज आहे ती चांगल्या पाच वॉटच्या ॲम्पची, असं खुद्द क्लिप्श म्हणायचे असं सांगतात. नाना गुरूच्याही दीड वॉट खाली गेले. आणि आकडाही कोणता गाठला! आपल्याकडे मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणेही साडेतीन. त्या यादीत आता नानांच्या हॉलची भर. त्यातला अर्धा शहाणा कोण, हे काकू पाहुण्यांना चहा देताना नुसत्या नजरेने सांगतात.

2ए3ची एक खोड आहे. त्यात तापणारी तारच कॅथोडचं काम करते; तिला घरातली एसी वीज दिली की भोंग्यात बारीक 'हम्म्' घुमत राहतो. त्यावर उपाय म्हणून नानांनी स्वतंत्र अर्थिंग करायचं ठरवलं. अर्थिंगच्या खड्ड्यात तांब्याची पट्टी, मीठ आणि कोळसा घालतात, हे इलेक्ट्रिशियनला माहीत असतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना माहीत असायचं कारण नाही. त्यांना पहाटे साडेपाचला दिसलं ते असं: निवृत्त गृहस्थ, अंगात बनियन, पार्किंगमागे खड्डा, त्यात तांबं, वर मीठ, वर कोळसा. सर्वसाधारण सभेत 'करणी' हा विषय पटलावर आला. नाना गप्प बसले असते तर तो तिथेच मिटला असता. पण त्यांनी उभं राहून चौसष्ट पटीचं गणित सांगितलं आणि सभासदांची खात्रीच पटली.

या सगळ्या यंत्रणेवर नाना ऐकतात काय? खोकला.

एका खाजगी बैठकीचं जुनं ध्वनिमुद्रण आहे. बुवांचा विलंबित चालू असतो, आवर्तन भरत येतं, आणि समेच्या दोन मात्रा अलीकडे श्रोत्यांतला कुणीतरी खोकतो. नानांचं बोट वर जातं. "ऐकलास?" सम येते, लोक "वाहवा" म्हणतात, नाना मात्र मागे जाऊन पुन्हा खोकला लावतात. मी एकदा गाणारे कोण, असं विचारलं. "ते महत्त्वाचं नाही," नाना म्हणाले.

जपानी ॲम्पवर तो नुसता खोकला होता. ईएल 84 आला तेव्हा कळलं की खोकणारा पुरुष आहे आणि डावीकडे बसलाय. 300बीवर तो तिसऱ्या रांगेत सरकला, साठीचा झाला, तंबाखू खाऊ लागला. 2ए3वर त्याने तोंडापुढे उपरणं धरलं. "सुती आहे," नाना म्हणाले, "ऐकलास?" मी हो म्हणालो. नाही म्हटलं की पंखा पुन्हा बंद होतो. ऐकताना पंखा बंद, एसी बंद, फ्रिज बंद. मे महिन्यात व्हॉल्व्ह आणि मी समोरासमोर तापत बसलेलो. त्या खोकल्यापायी काकूंचं किती दूध नासलं याचा हिशोब वेगळा. काकूंना स्वतःला खोकला झाला तेव्हा नाना आतून ओरडले होते, "मिडरेंज फार पुढे येतोय तुझा!"

तारांबद्दल मी मुद्दाम लिहीत नाही. त्या जमिनीला टेकू नयेत म्हणून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेल्या असतात आणि केर काढणाऱ्या बाईंना त्या ओलांडायची मनाई आहे. क्लिप्शसाहेब कोटाच्या आतल्या बाजूला एक पिवळा बिल्ला लावत, त्यावर 'निव्वळ थापा' अशा अर्थाची अस्सल अमेरिकन शिवी. कुणी भलतं बोलू लागलं की कोट उघडून दाखवत. ते हयात असते आणि पुण्याला आले असते, तर मी त्यांना त्या ठोकळ्यांपाशीच उभं केलं असतं.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत पेट्या हलवल्या गेल्या आणि दोन्ही बाजूंच्या ट्वीटरच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या लहान भोंग्याच्या, वायरी सुटल्या. हे कुणालाच माहीत नव्हतं. फोन आला, मी गेलो, खुर्चीत बसलो. तानपुऱ्यावर कुणीतरी गोधडी टाकल्यासारखा आवाज. जवारी गायब, बुवांचे सकार-शकार गायब. स्वयंपाकघरातून काकूंनीही डोकं बाहेर काढून बघितलं. आवर्तन भरत आलं, नानांनी मात्रा धरल्या होत्या, खोकला यायच्या किंचित आधीच बोट वर गेलं. "ऐकलास?"

मला ऐकू आली ती एक बोथट धप्प. उपरणं तर सोडाच, माणूस आहे की पाट पडला, तेही सांगता आलं नसतं. नाना माझ्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात फुशारकी नव्हती. ते विचारत होते. खरोखरच विचारत होते.

काकूंनी नंतर आत बोलावून सांगितलं. दोन वर्षं झाली. कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दिला होता. खालचं सगळं शाबूत, म्हणून तो 'हम्म्' नानांना अजून छळतो. पण तीन-चार हजार हर्ट्‌झच्या पुढे रेघ घरंगळत गेलेली. वयाने बहुतेकांचं होतं तेच. पूर्वी ज्या 'स्स्स'ने त्यांची झोप उडवली, त्याची तक्रार 300बी आल्यापासून त्यांनी एकदाही केली नव्हती; आम्ही श्रेय व्हॉल्व्हला दिलं होतं. डॉक्टरांपुढे नानांनी तो आलेख बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "हा स्पीकर मी विकत घेतला नसता."

मग हे ॲम्पवर ॲम्प, हे समन्स, ती खुर्ची? उपरणं सुती आहे हे नानांना कुठून ऐकू येणार! ते कुणीतरी आलेल्याने कधीतरी, पंखा सुरू व्हावा म्हणून, "हो, कापडासारखं काहीतरी वाटतंय खरं," असं सांगितलेलं. तंबाखूही अशीच आली असणार. आम्ही सगळ्यांनी घामाघूम होऊन, कंटाळून, सुटका करून घेण्यासाठी ज्या थापा मारल्या, त्या नानांनी एकेक करून जपून ठेवल्या आणि त्यातून तिसऱ्या रांगेतला अख्खा माणूस उभा केला. ज्याला स्वतःला ऐकू येत नाही तो माणूस घरातली निम्मी जागा, देव्हारा, बाल्कनी आणि बरीचशी पेन्शन, दुसऱ्याला नीट ऐकू यावं म्हणून खर्च करत होता. हे कौतुक मी त्यांच्या तोंडावर करणार नाही. केलं तर पुढच्या रविवारी पुन्हा बोलावतील.

वायरी मी जोडल्या. नाना "फरक पडला?" म्हणाले. मी पडला म्हणालो. या वेळी तो पडलाही होता.

श्रवणयंत्राला मात्र ते बधत नव्हते. कारण तांत्रिक होतं. त्या बोटाच्या पेराएवढ्या यंत्रातला ॲम्प असतो क्लास डी, आणि क्लास डीला नानांनी जन्मभर नावं ठेवलेली. आवाजाचे तुकडे करून पुन्हा जोडणारा ॲम्प त्यांच्या उंबऱ्याच्या आत आला नव्हता, तो थेट कानात कसा येणार? शेवटी तोडगा काकूंनी काढला. त्या म्हणाल्या, "अहो, कान म्हणजे तरी काय? बाहेर रुंद, आत निमुळता. भोंगाच की. मग त्याला जुळणारा ॲम्प शोधायला नको का?"

नाना दोन दिवस विचारात होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी यंत्राचं माहितीपत्रक मागवलं, चौथ्या दिवशी चाचणीला कोणत्या तीन कंपन्यांची यंत्रं मिळतील याची चौकशी केली. काकूंनी कपाळावर हात मारला, पण यंत्र आलं.

ते घालून त्यांनी पहिल्यांदा ऐकला 2ए3चा 'स्स्स'. "हा कधीपासून आहे?" त्यांनी दचकून विचारलं. आम्ही वर बघितलं. मग बैठक लावली. आवर्तन भरत आलं, बोट वर गेलं आणि तिथेच थांबलं. नानांनी मागे जाऊन पुन्हा लावलं, पुन्हा लावलं, आणि गंभीर होऊन म्हणाले, "तिसऱ्या रांगेत दोघं आहेत."

2ए3 आता विकायचा आहे. कुणाला हवा असेल तर 'स्स्स' आहे हे आधीच सांगून ठेवतो. नव्या ॲम्पचा शोध सुरू झाला आहे, वॉट दोनच्या आत असावेत एवढीच अपेक्षा. कानातल्या यंत्राला फिरवायचं बटण नाही. त्याचा आवाज फोनवरच्या ॲपमधून कमी-जास्त करतात. नानांना स्मार्टफोनचा तिटकारा, त्यामुळे ते ॲप काकूंच्या फोनमध्ये आहे. चार दशकांच्या संसारात घरातल्या एखाद्या ॲम्पचा व्हॉल्यूम त्यांच्या हातात येण्याची ही पहिलीच वेळ. परवा सोसायटीच्या सभेत नाना चौसष्ट पटीचं गणित सांगायला उभे राहिले, तेव्हा मागच्या रांगेत बसून काकूंनी शांतपणे फोन बाहेर काढला.