पातुरात होस्टिंगचा धंदा: स्वस्त सर्व्हर निवडण्याची शास्त्रोक्त पद्धत

होस्टिंगचा धंदा सुरू करायला तीन गोष्टी लागतात: नाव, व्हिजिटिंग कार्ड आणि सर्व्हर. नावावर घरात महिनाभर वाद चालतो, कार्ड अकोल्याहून संध्याकाळपर्यंत छापून येते आणि सर्व्हर ‘पाहू मंग’ या सदरात राहतो. पातूर, बाळापूर, बार्शीटाकळीकडच्या होतकरू मंडळींनी या तिसऱ्या गोष्टीसाठी पुढील पायऱ्या क्रमाने चढाव्यात. रेणुकामातेच्या टेकडीवर जाताना पायऱ्या गाळता येत नाहीत, तशा इथेही येत नाहीत.

पायरी १ : रंगावर भाळू नये. १९९८ मध्ये ‘कोबाल्ट रॅक’ नावाचा निळा, जेमतेम पावणेदोन इंच उंचीचा सर्व्हर बाजारात आला. आत लिनक्स, कारभार ब्राउझरमधून. तारा जोडा आणि गिऱ्हाईक घ्या. जगभरच्या छोट्या होस्टिंगवाल्यांनी तो डोक्यावर घेतला. २००० मध्ये सन कंपनीने सुमारे २ अब्ज डॉलरच्या शेअरांत कोबाल्टच विकत घेतली आणि पुढच्या काही वर्षांत ही सगळी मालिका गुंडाळली. खोकी धडधाकट होती, पण त्यांना सुरक्षा-दुरुस्त्या पाठवणारे कोणी उरले नाही. म्हणून विक्रेता ‘सेंटओएस सात टाकूनच देतो भाऊ’ म्हणाला, की नम्रपणे तारीख विचारावी. लिनक्सच्या त्या आवृत्तीचे दिवस ३० जून २०२४ रोजी भरले.

पायरी २ : जुना माल पारखून घ्यावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मोठ्या कंपन्यांनी टाकलेले सर्व्हर मिळतात आणि त्यांत खरोखर चांगला माल असतो. चार गोष्टी पाहाव्यात: चुका स्वतः दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी, दोन पॉवर सप्लाय, एकसारख्या दोन डिस्क आणि सर्व्हर बंद पडला तरी दुरून चालू करता येईल अशी वेगळी व्यवस्था. पाचवी गोष्ट कानाने पाहावी. या यंत्राचे पंखे चालू झाले की शेजारचा माणूस पिठाची गिरणी टाकली का, म्हणून विचारायला येतो.

दोन डिस्कवर तोच मजकूर ठेवणे म्हणजे बॅकअप नव्हे. गिऱ्हाइकाने चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकाच क्षणी, अगदी इमानदारीने पुसली जाते. आणि बॅकअप त्याच इमारतीत ठेवू नये. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचे एक आख्खे डेटा सेंटर जळाले. ज्यांचा बॅकअप शेजारीच होता, त्यांचे दोन्ही गेले.

पायरी ३ : जागा. सर्व्हरला आत येणारी हवा २७ अंशांपर्यंत आवडते, बरीच यंत्रे ३५ पर्यंत सोसतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो. कूलर लावण्याचा मोह आवरावा. कूलरची ओली हवा माणसाला मानवते, मदरबोर्डला नाही. गावाजवळच्या प्राचीन लेण्या थंडगार आहेत हे खरे. पण त्या संरक्षित स्मारक असून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम चालत नाही, आणि तिथल्या वटवाघळांशी सेवा-करार करता येत नाही. उरला एसी. त्याची किंमत सर्व्हरच्या किमतीत धरावी, मग ‘स्वस्त’ हा शब्द पुन्हा उच्चारून पाहावा.

पायरी ४ : वीज. सर्व्हर सरासरी २५० वॅट खात असेल, तर दिवसाला ६ युनिट आणि महिन्याला १८० युनिट झाले. एसीचे मीटर वेगळे धावते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी हे यंत्र कागदोपत्री सात तास ओढते. मात्र मृगाच्या पहिल्या वाऱ्यात डीपी उडाली की इन्व्हर्टरवर सर्व्हर चालतो, एसी चालत नाही. खोली तापते आणि यंत्र स्वतःहून झोपी जाते. बॅटरी भरलेली, साइट बंद, असा दुर्मीळ योग तेव्हा जुळतो.

पायरी ५ : लाइन आणि वचन. जाहिरातीत ‘९९.९ टक्के चालू’ असे छापण्याची रीत आहे. याचा अर्थ वर्षभरात फक्त पावणेनऊ तास बंद. रस्त्याकडेला जेसीबीने एकदा केबल उचलली की वर्षाचा कोटा त्याच दुपारी संपतो. दुसरी लाइन दुसऱ्या कंपनीची असावी आणि दुसऱ्या वाटेने यावी. घरगुती जोडणीचा आयपी बदलता असेल, तर त्यावरून गिऱ्हाइकाने पाठवलेले मेल सरळ स्पॅममध्ये जाऊन पडतात.

पायरी ६ : सरकार. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर-सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे लॉग १८० दिवस जपायचे आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची. डेटा सेंटर आणि आभासी सर्व्हर विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकांची माहिती पाच वर्षे सांभाळायची. ‘नोंदी काकाच्या वहीत हायेत’ हे उत्तर ग्राह्य नाही.

पायरी ७ : बेरीज. यंत्र, एसी, बॅटरी, दोन लाइनी, शिवाय कंट्रोल पॅनेलचा परवाना. सीपॅनेलने २०१९ मध्ये खात्यांच्या संख्येवर दर लावले, तेव्हापासून गिऱ्हाईक वाढले की तो खर्चही वाढतो. या बेरजेत यंत्र हीच सगळ्यांत स्वस्त बाब निघते. ती पाहून शहाणा माणूस नवी मुंबईत, ऐरोली-महापेकडे, भाड्याने सर्व्हर घेतो. तिथे वीज, गारवा, आग आणि जेसीबी ही दुसऱ्याची डोकेदुखी असते. पातुरातून तिथवर जाऊन परत यायला प्रकाशाला काही मिलिसेकंद लागतात. गिऱ्हाइकाला ते कळत नाही.

पायरी ८ : जे पातुरातच ठेवावे. फोन. रात्री अकरा वाजता आवाज येतो, “भाऊ, साइट उघडूनच नाही रायली!” नवी मुंबईतला कोणीही हा फोन उचलणार नाही. तुम्ही उचलायचा आणि शांतपणे विचारायचे, “भाऊ, मोबाइलचा रिचार्ज हाय ना?” दहांतल्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. त्या मिटवण्याचे पैसे बिलात वेगळे लावावेत. धंद्यातला नफा तेवढाच आहे.