पंधरा दिवसांचे धनी

काकांकडे सध्या कुठला फोन आहे, असं कुणी विचारलं की त्यांना ओळखणारा माणूस आधी विचारतो, "आज तारीख काय?"

महिन्याच्या पूर्वार्धात सॅमसंग असला तर उत्तरार्धात पिक्सेल असतो. मधल्या एक-दोन दिवसांत काहीच नसतं. तेव्हा काकांना गाठायचं तर काकूंच्या फोनवर, आणि काकूंचा फोन गेली सहा वर्षं तोच, कोपऱ्यात तडा गेलेला, कणकेच्या बोटांनीसुद्धा मुकाट चालणारा. काकांची जात आमच्या कॅनडातल्या मिसिसॉगात एकुलती एक नाही. गणपतीच्या जेवणाच्या रांगेत पुढचा गृहस्थ "जरा बघू" म्हणत तुमच्या हातातला फोन काढून घेतो, तळहातावर तोलतो, उलटा करतो, अंगठ्याने दोनदा वरखाली सरकवतो आणि "बरा आहे, पण रोजच्या वापराला नाही" असा निकाल देऊन परत करतो. तुम्ही तो तीन वर्षं रोज वापरताय, हा त्याच्या लेखी पुरावा नव्हे. पण आमचे काका या जातीतले कुलीन. ते दुसऱ्याचा फोन फक्त लग्नामुंजीत बघतात. एरवी स्वतः आणतात आणि स्वतः परत करतात.

या जातीला कॅनडात राजाश्रय मिळाला 2 डिसेंबर 2013 रोजी. त्याआधी इथे फोन घ्यायचा म्हणजे कंपनीशी तीन-तीन वर्षांचा करार, आणि मधेच सोडला तर दंड. मग सीआरटीसीने, म्हणजे इथल्या दूरसंचार आयोगाने, 'वायरलेस कोड' नावाची नियमावली लागू केली. दोन वर्षांनंतर दंड न भरता करार सोडता येईल, असं तिने ठरवलं. शिवाय करारावर फोन घेणाऱ्याला निदान पंधरा दिवस तो वापरून बघता येईल, आणि पटला नाही तर विनादंड परत करता येईल, असंही. अख्ख्या कॅनडाने त्यातली दोन वर्षं वाचली. काकांनी पंधरा दिवस वाचले.

अटी अर्थातच आहेत. फोन जवळजवळ नव्यासारखा हवा, खोक्यासकट हवा, आणि वापर मर्यादेत हवा. पुढे ही मर्यादा महिन्याच्या वाट्याच्या निम्म्यावर आली. हे सगळं काकांना मुखोद्गत आहे. फोन घरी आला की त्याच्यावरचं कारखान्याचं प्लास्टिक निघत नाही. खोका उघडतात तो पुस्तकातलं जुनं पिंपळपान उचलावं तसा. आत काय कुठे होतं याचा फोटो काढतात, काकूंच्या फोनवर. मिरजेहून धाकट्या भावाने पहिल्याच दिवशी व्हिडिओ कॉल केला तर त्याला "पाच मिनिटांत आटप, निम्म्याच्या वर गेलं तर गळ्यात पडेल" असं बजावतात. भावाला वाटतं दादाची तब्येत बरी नाही.

नवा आयफोन बहुतेक वर्षी सप्टेंबरात येतो आणि पुष्कळदा त्याची गाठ पितृपंधरवड्याशी पडते. पहिल्या वर्षी काकूंनी विरोध केला होता. पितृपक्षात नवी वस्तू घरात आणायची नाही.

"आणतोय कुठे? बघतोय," काका म्हणाले.

तेव्हापासून ते मुद्दाम तोच मुहूर्त धरतात. आयोगाचे पंधरा दिवस आणि पितरांचे पंधरा दिवस त्यांच्या हिशेबात चोख जुळतात. सर्वपित्रीला पितर आपल्या घरी परत, फोन दुकानात परत. भरलेला तेरा टक्के करही पूर्ण परत आला की नाही, हे ते कॅल्क्युलेटरवर ताडून बघतात; कॅल्क्युलेटर वेगळा आहे, 1994 सालचा.

काका मूळचे किर्लोस्करवाडीचे, पंपांच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. प्रत्येक पंप पाण्यावर चालवून, आकडे लिहून, मगच शिक्का, हे तिथे अंगात भिनलं. फोनसाठीही एक लांब वही आहे. डावीकडे फोनचं नाव, मग तारखा, मग परीक्षा, आणि शेवटच्या रकान्यात निकाल. कॅमेरा किती मेगापिक्सेल, चिप कुठली, असलं त्या वहीत काही नाही. "ते जाहिरातवाले बघतात. मला रोज वापरायचाय." रोज म्हणजे मिसिसॉगातला रोज, हेही ओघानं आलंच.

म्हणून पहिली परीक्षा बसथांब्यावर, तीही जानेवारीत. उणे अठरा तापमान, वारा तळ्याकडून, हातात काकूंनी विणलेले लोकरीचे मोजे. फोन वाजतो. काका बोट फिरवतात, फोन ढिम्म. कारण सोपं आहे. या काचेवर विजेचं एक हलकं क्षेत्र पसरलेलं असतं, माणसाचं बोट त्यात ढवळाढवळ करतं आणि फोनला ते कळतं. लोकर वीज वाहून नेत नाही, त्यामुळे फोनच्या दृष्टीने काका तिथे नसतातच. मोजा काढावा तर अर्ध्या मिनिटात बोट आपलं राहत नाही. पुष्कळ लोक अशा वेळी नाकाने फोन उचलतात. काकांनी तोही प्रयोग केला, वहीत नोंद आहे: 'नाक चालते, पण नंबर लावताना समोरचं दिसत नाही.' बोटांच्या टोकांना वीजवाहक धागा विणलेले मोजे बाजारात मिळतात, तेही झाले. मग एका रविवारी त्यांनी स्वयंपाकघरातली भाजी तपासायला घेतली. ज्यात पाणी आणि क्षार आहेत ते हातात धरून टेकवलं तर काचेला बोटासारखंच वाटायला हवं, हा त्यांचा तर्क, आणि तो बरोबर निघाला. भेंडी चालली, पण लवते. काकडी चालली, पण ओघळते. गाजर उत्तम.

त्या आठवड्यात काका बसथांब्यावर पार्काच्या खिशातून गाजर काढून फोन घेताना मी स्वतः पाहिले आहेत. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी कॅनेडियन सभ्यतेला जागून आकाशाकडे बघितलं. काका बोलून झाले आणि गाजर त्यांनी खाल्लं.

दुसरी परीक्षा बॅटरीची, तीही थंडीचीच. चाळीस टक्के दाखवणारा फोन बाहेर काढला की बघता बघता काळा पडतो आणि घरात आल्यावर जणू काही झालंच नाही असा जिवंत होतो. लिथियमच्या बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते, आतला विरोध वाढतो, विजेचा दाब घसरतो आणि वीज शिल्लक असूनही फोन मान टाकतो. ॲपलने आपल्याच पत्रकात आयफोन 0 ते 35 अंशांत वापरावा असं छापलं आहे. काकांनी ते वाक्य वहीत लाल शाईने उतरवलं आणि खाली लिहिलं: 'म्हणजे डिसेंबर ते मार्च हा फोन घरात बसवून ठेवायचा. जावई आहे का?'

मग मराठीची परीक्षा. 'कुऱ्हाडीने तऱ्हेवाईक ओळ खोडली, ॲ!' हे काकांचं परीक्षेचं वाक्य आहे, अर्थ विचारू नका. ऱ्ह फुटतो का, ळ किती खोल पुरलाय, ॲ आहे की त्याच्या जागी ऍ वर भागवलंय, हे एका फटक्यात कळतं. या परीक्षेत नापास होणारे फोन आता कमी झाले, याचं काकांना जरा वाईटच वाटतं. वाचेच्या परीक्षेत मात्र घोटाळा झाला. संध्याकाळी दिवा लावताना काकू सवयीने "हे श्रीहरी" म्हणाल्या आणि टेबलावरच्या आयफोनने अदबीने काय सेवा करू असं विचारलं. काकू दोन दिवस त्या खोलीत एकट्या बसल्या नाहीत.

काकूंना एकदा मी विचारलं, तुमची परीक्षा घ्यायला किती दिवस लागले होते? "वीस मिनिटं," त्या म्हणाल्या. "पोहे खाल्ले, हो म्हणाले. तेव्हा परतीची सोय नव्हती ना."

इतक्या कठोर माणसाचं मन एकदाच जडलं होतं, आणि ते काचेच्या नव्हे, बटणांच्या फोनवर. ब्लॅकबेरी. आमच्यापासून गाडीने तास-सव्वा तासावर असलेल्या वॉटर्लू गावात 1984 साली माइक लझारिडिस आणि डग्लस फ्रेगिन या दोन पोरांनी कंपनी काढली. लझारिडिस इस्तंबूलमध्ये जन्मलेला ग्रीक, लहानपणी आईबापांबरोबर कॅनडात आलेला. "आपल्यासारखाच बाहेरचा," असं काका म्हणत, जणू तो मिरज जंक्शनला गाडी बदलून आला होता. त्या फोनची बटणं अंगठ्याला लागत, खिशात न बघता टंकता येई, मोजा घातला तरी चाले. मराठीच्या जागी काकांच्या 'बोल्ड' ब्लॅकबेरीवर नुसते चौकोन दिसत. पण प्रेमात माणूस चौकोनही वाचतो. भावाचा संदेश आला की ते चौकोन मोजत आणि म्हणत, "बारा आहेत, म्हणजे पाऊस झाला."

2008 च्या जुलैत आयफोन कॅनडात आला आणि त्याच वर्षअखेर ब्लॅकबेरीने उत्तर म्हणून स्टॉर्म काढला: बटणं नाहीत, अख्खी काचच बटणासारखी खाली दबते. त्यात वायफायही नव्हतं. काकांनी एका परिचिताच्या बारशात तो हातात घेतला, चार वेळा दाबला आणि काही न बोलता परत केला. वहीत निकालाच्या रकान्यात त्या दिवशी एकच शब्द आहे, 'अरेरे'. 2013 च्या फेब्रुवारीत झेड10 आला तो खरोखर चांगला होता, हे काकांनी मान्य केलं आणि किंमत उतरायची वाट बघितली. किंमत उतरली. कंपनीही उतरली. 4 जानेवारी 2022 रोजी जुन्या ब्लॅकबेरींची सेवा बंद झाली आणि काकांचा बोल्ड तेव्हापासून देवघराशेजारी गजराचं काम करतो.

काकांच्या तळघरात गेलात तर आणखी एक गोष्ट समजेल. तिथे खोके आहेत. टीव्हीचा, मिक्सरचा, मुलाच्या पहिल्या सायकलीचा, 1999 साली विमानातून आणलेल्या दोन बॅगांवरच्या प्लास्टिकच्या खोळी घडी करून ठेवलेल्या. "टाकत का नाही?" म्हटलं तर उत्तर तयार असतं, "परत जायचं तर लागतील." काका आले तेव्हा "दोन वर्षं बघू, पटलं तर राहू" म्हणून आले होते. काकूंनी नागरिकत्व केव्हाच घेतलं, मुलं तर इथलीच. काका अजून कायम रहिवासी, ते कार्डही पाच-पाच वर्षांनी नवं करून घेतात. पाच वर्षांत 730 दिवस देशात असायला हवं, या नियमाचाही त्यांचा वेगळा तक्ता आहे, आणि ते आजवर चार-पाच आठवड्यांहून जास्त कधी बाहेर गेलेले नाहीत. त्या तक्त्याला निकालाचा रकाना आहे की नाही, हे मी बघितलेलं नाही. बघवलं नसतं.

तर अशा माणसाचा घात झाला तो गेल्या वर्षी. 2 फेब्रुवारी 2025, रविवार. काकांनी एक फोन आणला. कुठला ते सांगत नाही, तो त्यांना अजूनही 'हा' म्हणूनच ठाऊक आहे. पंधरावा दिवस सोमवार, 17 तारीख. काका सहसा तेराव्या दिवशीच जातात. पण 12 तारखेपासून टोरांटोच्या परिसरावर एकामागून एक दोन हिमवादळं आली. शनिवारी आणि रविवारी काका दारासमोरचं बर्फ उपसत होते. जितकं उपसावं तितकं पालिकेचं यंत्र रस्त्यावरून पुन्हा दारात आणून टाकत होतं. "उद्या जाऊ," ते म्हणाले. उद्याचा सोमवार फेब्रुवारीतला तिसरा सोमवार होता. फॅमिली डे. दुकान बंद.

पितृपंधरवडा, आयोग, कर, 730 दिवस, सगळं ज्याच्या तक्त्यात होतं त्याच्या तक्त्यात ऑन्टॅरिओची सुट्टी नव्हती. मंगळवारी दुकानातल्या पोराने दिवस मोजले, तीनदा सॉरी म्हणाला, आणि फोन काऊंटरवरून काकांकडे अलगद सरकवला. काकांनी नियमावलीतलं कलम काढलं. ते कलम पोरालाही पाठ होतं. मी सोबत होतो. परतताना गाडीत काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, याला कव्हर घ्यावं लागेल."

तो फोन आता काकांकडे वर्षाहून जास्त आहे. खोका तळघरात टीव्हीच्या खोक्यावर ठेवलाय, पावती आत. वहीत निकालाचा रकाना कोरा आहे. प्लास्टिक मात्र मागच्या उन्हाळ्यात काकूंनी काढलं, काका झोपलेले असताना.