वजन किती आणि टंच किती

सोन्याच्या धंद्यात नुसत्या वजनावर कोणी पैसे मोजत नाही. विटा-खानापूरकडची आमच्यासारखी गलाईवाली माणसं बंगळूरच्या चिकपेट-नगरथपेटच्या बोळांत भट्ट्या लावून बसली, ती याच एका गोष्टीच्या जिवावर. गिऱ्हाईक बांगडी काट्यावर ठेवतं, आम्ही आकडा लिहितो आणि विचारतो, "ते झालं, टंच किती?" मुशीत आटवल्याशिवाय त्यात सोनं किती नि तांबं किती, हे बांगडी घालणारीलाही ठाऊक नसतं.

माणसाच्या बाबतीत मात्र भलेभले काट्यावरच थांबतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मेडिकलवाल्याने यंत्र ठेवलंय. वर उभं राहिलं की चिठ्ठी येते. माझी आली: उंची 165 सेंटीमीटर, वजन 66 किलो, बीएमआय 24.2. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, एवढंच ते गणित. पूर्वी रेल्वे स्टेशनवरचं यंत्र वजनाच्या तिकिटावर भविष्यही छापायचं, 'लवकरच धनलाभ' वगैरे. या चिठ्ठीतही धनलाभ आहे, फक्त तो डॉक्टरांना.

हा भागाकार मूळचा अदोल्फ केतले या बेल्जियन गृहस्थांचा, 1830 च्या दशकातला. ते खगोलशास्त्रज्ञ. ग्रहतारे झाल्यावर त्यांनी 'सरासरी माणूस' शोधायला घेतला. कोणाचं पोट किती सुटलंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. 1972 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅन्सेल कीज यांनी त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं, तेही पुरुषांचीच वजनं-उंच्या तपासून. बायकांना कोणी विचारलं नाही. (आमच्या घरी हे सांगितल्यावर "बरंच झालं" एवढंच उत्तर आलं.)

आता माझ्या 24.2 चं बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या तक्त्यात 18.5 ते 24.9 म्हणजे उत्तम. भारतीयांसाठी मात्र आपल्या डॉक्टरांनी रेघ अलीकडे ओढलीय: 23 पासून जादा वजन, 25 पासून लठ्ठपणा. म्हणजे मी जिनिव्हाला ठणठणीत आणि चिकपेट मेट्रोच्या सरकत्या जिन्यावरून वर आलो की जाडा. डाएटपेक्षा विमानाचं तिकीट सोपं.

हा दुजाभाव का, याचं उत्तर पुण्यात मिळतं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच जोडफोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखा, 22.3. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. काटा तोच, टंच निराळा! युडकिन मॅरेथॉन पळतात आणि आपला मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ती गाठणं, हेही याज्ञिकांनी तिथेच लिहून टाकलं. एवढा प्रांजळ शोधनिबंध मी दुसरा ऐकलेला नाही. आपण भारतीय बारीक दिसतो, पण चरबी आत पोटात दडवतो आणि मग मधुमेह लवकर गाठतो. उलट तालमीतला गडी अंगच्या स्नायूंमुळे चिठ्ठीवर 'लठ्ठ' ठरू शकतो.

मग काय, यंत्र भंगारात घालायचं? अजिबात नाही. काट्याशिवाय गलाईचं दुकान चालत नाही. हजारो माणसांची पाहणी करायची तर हा स्वस्तातला भागाकार उपयोगाचा आहे. फक्त त्याच्या जोडीला कमरेभोवती टेप फिरवावा. आपल्याकडच्या पुरुषांची मर्यादा 90 सेंटीमीटर, बायकांची 80.

माझी कंबर मोजायला यंत्र लागलं नाही. दसऱ्याच्या पॅंटसाठी आमच्या भावसार टेलरमामांकडे गेलो. मी श्वास आत ओढून उभा. मामा शांतपणे टेप धरून थांबले. अर्धशतक कमरा मोजलेला माणूस, त्याला घाई नसते. शेवटी मला श्वास सोडावाच लागला.

"छत्तीस," ते पोऱ्याला ओरडून म्हणाले. समोरच्या सिल्क साड्यांच्या दुकानातल्या बायकाही वळून बघायला लागल्या.

"मामा, साडेपस्तीसच्या आत बसवा ना. डॉक्टरांची मर्यादा आहे."

"डॉक्टर शिवणार का पॅंट?" मामांनी खडूने रेघ मारली. "छत्तीसच ठेवतो. आत दोन इंच मार्जिनही सोडतो. मागच्या वेळी सोडलं होतं, तेवढं तुम्ही वापरलंत."

शेजारच्या हॉटेलातून त्यांनी बाय-टू कॉफी मागवली. माझा अर्धा पेला आला तो बिनसाखरेचा, न सांगता.