वृत्तवाहिन्यांच्या कपडेपटास, बोदवडहून

प्रति,
मा. कपडेपट प्रमुख,
सर्व मराठी वृत्तवाहिन्या, मुंबई



एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४५ला टेकतो. डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय माणूस बसस्टँडपर्यंतही जात नाही. अशा वेळी टीव्ही लावावा, तर आपला निवेदक टाय, त्यावर जाकीट, त्यावर कोट अशा थाटात उष्णतेच्या लाटेची बातमी देत असतो. कपाळावर घामाचा टिपूस नाही! ही करामत खरं तर एसीची, पण श्रेय आम्ही आपल्यालाच देतो.

पूर्वी हे भाग्य नव्हतं. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा पडदा काळा-पांढरा. साडी मोरपंखी की डाळिंबी, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. आमच्या खान्देशातल्या शिरपूरचे नेते शिवाजीराव पाटील यांची कन्या स्मिता तिथं बातम्या वाचायची. जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यापुढं बसायची, असं सांगतात. दिसायचा फक्त पदर, ऐकू यायची बातमी. तेवढ्यावर भागायचं. २०२२मध्ये दूरदर्शनचे वृत्तनिवेदक प्रदीप भिडे गेले, तेव्हा आमच्या ओट्यावर जो तो त्यांच्या आवाजाची नक्कल करून दाखवत होता; टायचा रंग मात्र एकालाही सांगता येईना. कपडेपटाचं केवढं हे अपयश!

आपण ती कसर भरून काढलीत. पाडव्याला नऊवारी नि नथ, आषाढीला कपाळी बुक्का नि गळ्यात तुळशीची माळ. प्रतिनिधी पेरणी दाखवायला बांधावर येतो तेव्हा खांद्यावर कोरं करकरीत उपरणं, घडी मोडलेली नाही. त्यानं कधी घाम पुसलेला नाही, हे बांधावरच्या बैलालाही कळतं. निवेदक तर आता बसतच नाहीत. मागं भिंतभर ज्वाळा आणि पुढं हे येरझारा घालत ओरडणार. आमची आई स्वयंपाकघरातून विचारते, "कोनाचं भांडण चाललं रे?"

एकच तक्रार. इतके पोशाख होतात, त्यात आमचा तालुका बसत नाही. हा कपाशीचा मुलूख. कापसाचा भाव आपण सांगता, नाही असं नाही. पण तो खालच्या पट्टीतून असा पळतो की, चष्मा सापडेपर्यंत त्यानं मलकापूर गाठलेलं असतं. वर उभ्या असलेल्या निवेदकाच्या अंगावरचा कोट बहुधा पॉलिस्टरचा.

तरी विनंती, की एखाद्या संध्याकाळी निवेदकाला सुती सदरा घालून खुर्चीवर बसवावं. बोदवडला कापूस काय भावानं गेला आणि नळाला किती दिवसांनी पाणी आलं, एवढं दोन मिनिटं सावकाश वाचायला सांगावं. सदऱ्याला इस्त्री नसली तरी आमची हरकत नाही.

आपला,
बोदवडचा एक प्रेक्षक